आधी लाईट बिल पाठवा : एका सोलर व्यवसायाच्या लेखांचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं शहर. तिथे घरांच्या गच्चीवर सोलर बसवून देणारा मध्यम आकाराचा व्यवसाय. मालक मूळचे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. घरांचं वायरिंग, शेतीपंपांचे स्टार्टर, कारखान्यांतली किरकोळ कामं असं करत ते या धंद्यात आले. सोबत धाकटा भाऊ, मोजके वायरमन, स्ट्रक्चरसाठी वेल्डर आणि ऑफिस सांभाळणाऱ्या ताई. येणारा प्रत्येक फोन ताईच घेतात, पोर्टलवरचे अर्ज त्याच भरतात आणि ‘सबसिडी अजून का जमा झाली नाही’ याची बोलणीही त्याच खातात. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले किंवा बदलले आहेत.

या व्यवसायाची वेबसाइट होती आणि तिच्यावर लेखही भरपूर होते. २०२२ साली मालकांनी एका एजन्सीकडून पॅकेज घेतलं होतं. महिन्याला वीस लेख, सोबत ‘एसईओ’ (गूगलच्या निकालांत साइट वर यावी म्हणून केलेली कामं) आणि महिनाअखेरीला रंगीत आलेखांचा अहवाल. वर्षभरात दोनशेच्या वर लेख साठले. मालकांनी त्यातला एकही सलग वाचला नव्हता. त्यांना दोष देता येत नाही. दिवसभर गच्च्या चढणारा माणूस रात्री ‘सौर ऊर्जेचे दहा फायदे’ वाचत बसत नाही. अहवालातला आलेख वर जात होता, तेवढं त्यांना पुरत होतं.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मला लेखांचं काय करायचं ते बघायला बोलावलं. तोवर आलेख खाली आला होता.

अडचण

अडचणीचं वेळापत्रक विचित्र होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ जाहीर झाली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट होतं आणि घरगुती ग्राहकाला थेट खात्यात अनुदान मिळणार होतं. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तीन आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी एकूण ७८,०००. गावोगावी चर्चा सुरू झाली. सोलरवाल्यांसाठी इतकी अनुकूल हवा याआधी आली नव्हती. नेमक्या त्याच काळात, मार्चनंतर, या वेबसाइटवर गूगलमधून येणारी माणसं झपाट्याने कमी झाली.

मालकांचा पहिला तर्क होता, ‘गूगलने आपल्याला ब्लॉक केलं.’ तसं काही झालं नव्हतं. आपली साइट शोधात कशी दिसते ते साइटमालकाला दाखवणारं गूगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल; त्यात कारवाईची नोंद नव्हती. मार्च २०२४ मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत मोठा बदल केला आणि त्याच वेळी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या, वाचणाऱ्याला काहीच न देणाऱ्या मजकुराविरुद्ध नवं धोरण जाहीर केलं, एवढं खरं. पण तेव्हाच ‘सूर्यघर’ या शब्दाभोवती वर्तमानपत्रं, बँका, सरकारी पोर्टल आणि मोठ्या कंपन्या अशा सगळ्यांची पानं आली होती. या साइटची घसरण त्यातल्या नेमक्या कशामुळे झाली, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, आणि ते शोधण्यात महिना घालवण्यात अर्थही नव्हता. लेख उघडून वाचले की पुरेसं कळत होतं.

एका लेखात पॅनलवर साठलेला बर्फ मऊ ब्रशने कसा काढावा याचा सल्ला होता. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर पाय ठेवत नाही माणूस, आणि इथे बर्फ. दुसऱ्या लेखात उतरत्या लाकडी छपराला भोकं पाडण्याआधी घ्यायची काळजी. मजकूर कुठल्या तरी परदेशी साइटवरून आलेला आणि मराठीत ओतलेला. महावितरणचा उल्लेख शोधून सापडत नव्हता. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर), मंजूर भार, बिलातला स्थिर आकार, ज्या गोष्टींवर इथल्या माणसाचा निर्णय अडतो, त्यांतली एकही नाही.

मग सर्च कन्सोलमधले शब्द पाहिले. ज्या काळात आलेख वर जात होता, तेव्हाही सर्वांत जास्त माणसं येत होती ती ‘सौर ऊर्जा माहिती’, ‘सौर ऊर्जा निबंध’, ‘सौर ऊर्जा प्रकल्प प्रस्तावना’ असं शोधून. अकरावी-बारावीची मुलं पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत उतरवून घ्यायला येत होती. त्यांचं भलं होवो, पण त्यांच्या वडिलांची गच्ची दोनशे-तीनशे किलोमीटर दूर होती.

ग्राहक आणणारं एकच पान होतं, आणि तेच सर्वांत घातक होतं. ‘महाराष्ट्रात सोलर सबसिडी किती मिळते’ या लेखात ४० टक्के लिहिलं होतं. तो २०१९ च्या जुन्या योजनेचा आकडा होता: तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के, त्यापुढे दहापर्यंतच्या भागाला २० टक्के. २०२२ मध्ये टक्केवारी जाऊन किलोवॉटमागे १४,५८८ रुपये असा ठोक दर आला, २०२४ च्या जानेवारीत तो १८,००० झाला आणि पुढच्याच महिन्यात नवी योजना. लेख मात्र ४० टक्क्यांवर थांबलेला. ताईंचा रोजचा फोन असा:

‘मॅडम, तुमच्याच वेबसाइटवर चाळीस टक्के लिहिलंय. आता कमी कसं सांगता?’

‘काका, ती जुनी योजना होती.’

‘मग लिहिता कशाला?’

या प्रश्नाला ताईंकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे तीन किलोवॉटच्या बऱ्याच घरांना नव्या योजनेचे ७८,००० हे जुन्या ४० टक्क्यांपेक्षा कमी पडत नव्हते. तरीही ‘चाळीस टक्के’ हा शब्द एकदा डोक्यात बसला की माणसाला आपण फसवले जातोय असंच वाटतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जुन्या एजन्सीनेच पुढे केला: आता एआय आहे, त्याच पैशात महिन्याला वीसऐवजी साठ लेख देतो. गूगलचं धोरण एआयने लिहिलं म्हणून शिक्षा करत नाही. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो कशासाठी आणि किती निरर्थक ढिगाने तयार झाला याकडे ते बघतं. पण आपला रोग तोच होता. साठ लेखांत बर्फाचे तीनपट लेख आले असते.

दुसरा पर्याय लेखांचा नाद सोडून पैसा जाहिरातींत घालण्याचा. भावाचा कल इकडे होता. फेसबुकवर फॉर्मची जाहिरात लावली की दुसऱ्या दिवशी नावं आणि नंबर हातात येतात, हे त्याने आधी अनुभवलं होतं. ताईंचा अनुभव वेगळा: त्यातले निम्मे लोक ‘मी कुठे फॉर्म भरला?’ म्हणतात, उरलेल्यांना फुकट सोलर हवं असतं. योजनेच्या नावातच ‘मुफ्त’ असल्याने तो गैरसमज आणखी वाढला होता.

तिसरा पर्याय, मोठ्या न्यूज साइटवर पैसे देऊन लेख छापून आणायचे आणि त्यातून आपल्या साइटला लिंक घ्यायची, म्हणजे गूगलच्या क्रमवारीत आपली साइट वर चढेल. एका मध्यस्थाने दरपत्रकही पाठवलं होतं. या वाटेचा इतिहास जुना आहे. २०११ पर्यंत ‘आर्टिकल डिरेक्टरी’ नावाचा प्रकार जोरात होता. एकच लेख शब्द फिरवून शेकडो ठिकाणी टाकायचा आणि खाली आपली लिंक द्यायची. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा क्रमवारीतला बदल आणला आणि असल्या साइटी कोसळल्या. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या पुढच्या बदलाने विकतच्या लिंकांना धरलं. आज पैसे देऊन घेतलेल्या लिंकवर ‘प्रायोजित’ अशी तांत्रिक खूण करावी लागते, आणि ती केली की क्रमवारीसाठी त्या लिंकचा उपयोग जवळजवळ उरत नाही. खूण न करता घ्यायची तर उद्या पकडले जाण्याची टांगती तलवार. मालकांनी हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला: ‘एवढ्या पैशात चार गच्च्यांना चांगलं अर्थिंग होतं.’

चौथा पर्याय म्हणजे मोजके लेख स्वतः लिहायचे, तेही फोनवर येणाऱ्या प्रश्नांवर. तो निवडला गेला. जाहिराती पूर्ण बंद केल्या नाहीत; उन्हाळ्यापुरती थोडी रक्कम राखून ठेवली. सोलरची चौकशी वाढते ती एप्रिल-मेची बिलं हातात पडल्यावर, आणि पावसाळ्यात गच्चीवरची कामं रेंगाळतात. म्हणजे लिहिण्याचा हंगाम पावसाळा आणि वाचण्याचा उन्हाळा. हे वेळापत्रक आपोआप जुळून आलं.

काय केलं

पहिले काही आठवडे एकही लेख लिहिला नाही. ताईंच्या टेबलावर एक लांब वही ठेवली. फोन आला की ग्राहकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, शुद्ध करायचा नाही. ही अट ताईंना सुरुवातीला पटली नाही. ‘“लाईट गेली की हे पण मरतं का” असं लिहू?’ हो, तसंच.

वहीने सगळ्यांची समजूत बदलली. मालकांना वाटत होतं लोक तंत्रज्ञान विचारतात: पॅनल मोनो पर्क जातीचं की टॉपकॉन, दोन्ही बाजूंनी वीज बनवणारं बायफेशियल घ्यावं का. वहीत असे प्रश्न तुरळक होते. पुन्हा पुन्हा येत होते ते हे: लाईट गेल्यावर चालू राहतं का. बिल शून्य येणार ना. माकडं नाचली तर फुटेल का. गच्चीवर पापड-सांडगे वाळवता येतील का. पुढे वरचा मजला चढवायचाय, मग पॅनलचं काय. सबसिडी तुम्ही खाता की आम्हाला मिळते. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर: तीन किलोवॉटला किती पडतात?

या शेवटच्या प्रश्नावर सर्वांत मोठी चर्चा झाली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

*किंमत उघड करायची का?*

मालकांचा नकार ठाम होता. ‘रेट लिहिला की दुसऱ्या दिवशी समोरचा पाच हजार कमी सांगणार. आणि प्रत्येक गच्ची वेगळी, आकडा लिहायचा कसा?’ दोन्ही मुद्दे खरे होते. पहिल्यावर ताईंनीच उत्तर दिलं, की समोरच्याला आपला रेट आताही माहीत आहे; ग्राहकच आपलं कोटेशन त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. दर फक्त वाचणाऱ्याला माहीत नसतो.

मी त्यांना अमेरिकेतली एक गाजलेली गोष्ट सांगितली. व्हर्जिनियातली ‘रिव्हर पूल्स’ ही फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणारी छोटी कंपनी २००८ च्या मंदीत बुडायला आली होती. तिचे एक भागीदार मार्कस शेरिडन यांनी २००९ पासून ग्राहक विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं लेखांतून द्यायला सुरुवात केली, त्यात सगळे टाळतात तो ‘तलावाला खर्च किती’ हाही होता. धंदा सावरला. या गोष्टीवर मालक फारसे भाळले नाहीत. त्यांना वाकवलं ते त्यांच्याच दुसऱ्या मुद्द्याने: प्रत्येक गच्ची वेगळी आहे, तर लेखात नेमकं ते वेगळेपणच लिहा.

म्हणून किमतीच्या लेखात एक आकडा न देता पट्टा दिला. तीन किलोवॉटला अनुदानाआधी दीड ते दोन लाखांच्या आसपास, आणि मग हा पट्टा इतका रुंद का, याचा सगळा हिशोब. स्ट्रक्चर गुडघाभर उंच घेतलं की कमी. खालून माणूस ताठ चालेल एवढं उंच घेतलं की लोखंड वाढतं, वाऱ्याचा जोर सोसायला पाया वाढतो, पण गच्ची वापरात राहते. पॅनल भारतीय सेलचं की बाहेरच्या; अनुदान हवं असेल तर भारतातच बनलेल्या सेलचं लागतं आणि ते महाग पडतं. गच्चीपासून मीटरपर्यंत वायर किती. अर्थिंग खरोखर तीन ठिकाणी की कागदावर. स्वस्त कोटेशन कुठे स्वस्त केलेलं असतं ते मालकांनी इतकं उघड सांगितलं की भाऊ म्हणाला, ‘दादा, हे छापलं तर अर्धा बाजार आपल्यावर चिडेल.’ छापलं. लेखातली सर्वांत वाचली गेलेली ओळ अर्थिंगचीच ठरली.

*लिहिणार कोण?*

मालकांना लिहायला सांगणं व्यर्थ होतं. कागद समोर आला की ते ‘सदर प्रणाली’ वगैरे भाषेत शिरायचे. बोलताना मात्र तोच माणूस ऐकत राहावा असा. म्हणून ते साइटवर ग्राहकाला समजावून सांगत असताना, ग्राहकाची परवानगी घेऊन, फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्यावरून लेख बांधला. लेखावर त्यांचं नाव आणि फोटो. प्रत्येक लेख छापण्याआधी एका वायरमनने वाचायचा, कारण चूक त्यालाच आधी दिसते. ‘लाईट गेल्यावर’ या लेखात पहिल्या खर्ड्यात सुटलेली गोष्ट त्यानेच भरली. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाईनला जोडलेली सिस्टीम लाईट गेल्यावर बंद पडते ती मुद्दामच, तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला उलटा करंट लागू नये म्हणून. हे कारण कळलं की ग्राहकाची तक्रार तिथेच मावळते, हा त्याचा अनुभव.

भाषा वहीतलीच ठेवली: लाईट बिल, मीटर, युनिट, सबसिडी. सर्च कन्सोलमध्ये दिसत होतं की बरीच माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात. लेखही तसेच रोमन लिपीत लिहावेत अशी सूचना आली. ती नाकारली, माणूस टाइप कसंही करो, वाचायला त्याला देवनागरीच सोपी पडते.

*‘तुम्हाला सोलर नको’*

हा लेख ताईंच्या आग्रहावरून झाला. महिना शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरी स्वस्त दराचाच टप्पा लागू असतो, तिथे तीन किलोवॉट बसवून पैसे लवकर फिटत नाहीत. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, तीनचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. एवढं वापरणार कोण? वर्षअखेरीला उरलेल्या युनिटांचा हिशोब कमी दराने होतो, तो नफ्याचा धंदा नव्हे. भाड्याचं घर, शेजारच्या इमारतीची दुपारची सावली, दोन वर्षांत मजला चढवण्याचा बेत, या सगळ्यांना थांबायला सांगितलं. भावाला हा लेख म्हणजे स्वतःच्या दुकानाचं शटर ओढणं वाटला. ताईंना मात्र माहीत होतं की या घरांना भेटी देण्यात पेट्रोल जातं आणि काम होत नाही.

*जुन्या लेखांची विल्हेवाट*

दोनशेच्या वर लेख एका झटक्यात उडवावेत की सुधारावेत? सुधारण्यासारखे दहा-बारा निघाले. बाकीचे दोन टप्प्यांत काढले. काढलेल्या लेखांचे सगळे वेब-पत्ते होमपेजवर वळवण्याचा सल्ला एजन्सीने दिला होता. तो घेतला नाही. बर्फाचा लेख शोधणाऱ्याला होमपेज दाखवणं म्हणजे त्याला चकवणं, आणि गूगलही असं वळवणं बहुधा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. ज्या जुन्या पानाला खरोखर जुळणारा नवा लेख होता, तेवढीच वळवली.

चाळीस टक्क्यांचं पान काढून नवं करावं की त्याच पत्त्यावर मजकूर बदलावा, यावर थोडी ओढाताण झाली. पत्ता तोच ठेवला, कारण लोकांनी ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवून ठेवली होती आणि ती उघडून चुकीची माहिती वाचणारा माणूस उद्याही येणारच होता. वर तारीख आणि ठळक ओळ: ‘चाळीस टक्के ही जुनी योजना. ती आता नाही.’ खाली २०१९ पासूनचे बदल क्रमाने. ताई आता भांडणाऱ्या काकांना तीच लिंक पाठवतात.

विद्यार्थ्यांच्या निबंधाचं पान ठेवलं. ते काढा असं मी सुचवलं होतं. मालक म्हणाले, ‘पोरं येतात, येऊ देत.’ त्यातल्या चुका दुरुस्त केल्या आणि अहवालात ते पान वेगळं मोजायचं ठरलं.

*शेवटची ओळ*

प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘आजच संपर्क करा’ असं असे. त्याजागी आलं: ‘तुमच्या लाईट बिलाचा फोटो पाठवा, किती किलोवॉट लागेल ते सांगतो.’ हा निर्णय सर्वांत कमी चर्चा होऊन घेतला गेला आणि सर्वांत जास्त उपयोगी पडला. बिलावर गेल्या महिन्यांचा वापर असतो, मंजूर भार असतो, ग्राहक क्रमांक असतो. बिल हातात आलं की निम्मं सर्वेक्षण झालेलं असतं, आणि कपाटातून बिल काढून फोटो पाठवणारा माणूस नुसता टाइमपास करत नसतो.

यश कशावर मोजायचं हेही यातूनच ठरलं. किती जण आले हे आकडे बघणं थांबलं. आठवड्याला किती बिलं आली हे बघायला लागलो.

काय झालं

एकूण वाचकसंख्या जुन्या उच्चांकाला पुन्हा कधी पोहोचली नाही. बिलं मात्र येऊ लागली. आधी तुरळक, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ताईंना वेगळा फोन घ्यावा लागला इतकी. वाया जाणाऱ्या गच्चीभेटी कमी झाल्या हे मालक स्वतःहून सांगतात. याचं सगळं श्रेय लेखांना देणं मात्र चुकीचं ठरेल. योजनेची लाट त्याच काळात उसळलेली होती आणि सोलर न बसवणारं गाव उरलं नव्हतं.

अपेक्षेबाहेरची गोष्ट म्हणजे लेख गूगलपेक्षा व्हॉट्सॲपवरून जास्त फिरले. फोनवर प्रश्न आला की ताई दोन वाक्यं बोलून लिंक पाठवतात. ती लिंक घरातल्या ग्रुपवर जाते, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा वाचतो आणि संध्याकाळी निर्णय होतो. एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींनी सोसायटीवरचा लेख छापून वार्षिक सभेत वाटला. सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० अनुदान मिळतं, आणि गच्चीवर हक्क कुणाचा हा वाद त्याआधी मिटवावा लागतो, एवढंच त्यात नीट सांगितलं होतं. काम मिळालं. असा वाचक कुठल्याच आलेखात दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतात शोधाच्या निकालांवरच एआयने तयार केलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. ‘नेट मीटर म्हणजे काय’ अशा लेखांकडे येणारे त्यानंतर घटले. उत्तर वरच मिळत असेल तर खाली कोण येणार? माकडांचा आणि किमतीचा लेख मात्र टिकून राहिला.

आणि किमतीचा लेख चोरीला गेला. शेजारच्या तालुक्यातल्या एका विक्रेत्याने तो फोटोंसकट उचलून स्वतःच्या साइटवर टाकला. फोटोत या व्यवसायाचा टी-शर्ट घातलेला वायरमन तसाच. मालकांनी वकिलाची नोटीस द्यायची का, असं विचारलं. आधी साधा फोन केला, लेख दुसऱ्या दिवशी उतरला.

वेगळं काय करता आलं असतं

वहीत प्रश्न लिहिले, पण ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हे विचारून लिहिलं नाही. एक रकाना वाढवायचा होता फक्त. तो पहिल्या दिवसापासून असता तर लेखांमुळे किती आणि लाटेमुळे किती, याचा थोडाफार अंदाज आला असता. आता तो रकाना आहे, पण तुलनेला जुना आकडा नाही.

दुरुस्तीची जबाबदारी कुणाच्याही नावावर टाकलेली नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पूर्ण सिस्टीमच्या किमतीत ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरली जाते, त्यामुळे एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. किमतीच्या लेखात जुनाच हिशोब कित्येक आठवडे राहिला. भाऊ समजत होता ताई बदलतील, ताई समजत होत्या मी बदलेन. चाळीस टक्क्यांच्या प्रकरणानंतर हे पुन्हा व्हायला नको होतं. त्याच वर्षी राज्य सरकारने शंभर युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी जादा अनुदानाची ‘स्मार्ट’ योजना आणली आणि ‘तुम्हाला सोलर नको’ मधला पहिलाच परिच्छेद लंगडा पडला. तो लेख आता एक किलोवॉटपुरता पुन्हा लिहिला आहे. प्रत्येक लेखाला एक सांभाळणारा माणूस आणि वर्षातल्या ठरलेल्या तारखा नेमल्या आहेत: केंद्रीय अर्थसंकल्प, १ एप्रिलचे वीजदर आणि दिवाळीआधीची एक फेरी.

जुने लेख काढण्याआधी त्यांतले सहज सुधारता येणारे आणखी काही वाचवता आले असते, असं भावाचं अजूनही मत आहे. मला ते पटत नाही, पण त्याने राखून ठेवलेल्या यादीत पॅनल धुण्याचा एक बरा लेख होता, हे मान्य.

सध्या वाद चालू आहे तो पॅनलच्या ब्रँडची तुलना लिहायची का, यावर. वहीत हा प्रश्न आता वरच्या पाचांत आला आहे. मालकांकडे गेल्या काही वर्षांत बसवलेल्या पॅनलांचे खरे अनुभव आहेत, कुणाची वॉरंटी लगेच मिळते आणि कुणाची फाईल फिरत राहते, हे सगळं. पण माल त्याच डीलरांकडून उधारीवर येतो, आणि त्यातल्या एकाने लेखाची कुणकुण लागताच चहाला बोलावलं. ताई म्हणतात नावं घेऊन लिहा, भाऊ म्हणतो नावं न घेता लिहा, मालक म्हणतात आधी मार्चअखेरची उधारी चुकती होऊ दे. खर्डा तयार आहे, नावांच्या जागा रिकाम्या ठेवून.